आईच्या गोळ्या बंद कुणी करायच्या?

...आणि वर हे डॉक्टर मलाच विचारतात, "आधीच्या गोळ्या चालूच आहेत ना?" चालूच असणार ना हो! डॉक्टरनं सुरू केलेली गोळी डॉक्टरनंच बंद करायची, ही आमच्या मखमलाबादची रीत. मी फुलं विकणारा माणूस, मी कोण बंद करणारा? सुरू करायला सगळे पुढं, पण बंद कुणी करायच्या?

तुम्हाला सांगतो, आमची आई, शकुबाई, सत्तरी ओलांडलेली, पण मोगऱ्याची पाटी पुढ्यात आली की गप्पा मारता मारता, खाली न बघता गजरे करायची! तर द्वारका चौकातल्या डॉक्टरनं तिला बीपीची गोळी दिली. बीपी उतरलं, पण पाय सुजले. दुसरा म्हणाला, "पाणी धरलंय," दिली लघवीची गोळी. मग काय, म्हातारी रात्रभर मोरीच्या वाटेवर! झोप उडाली, म्हणून तिसऱ्यानं झोपेची दिली, आणि सकाळी उठली की भोवळ... चौथ्यानं चक्करची लिहिली! अहो, ही चक्कर आली कुठून, हे एकानं तरी विचारावं?

आणि थोड्याच दिवसांत हात थरथरायला लागले. गाठ बसेना, कळ्या मांडीवर गळायच्या. एक दिवस दोरा खाली ठेवून म्हणाली, "किशोर, माझी बोटं गेली रे." रडली हो आई.

नेलं पुन्हा चौथ्याकडं. तो म्हणतो, "वय झालं आजींचं, थरथरीची एक देतो." वय? वय काय परवा मंगळवारी झालं? दिवाळीत बाजारभर गजरे पुरवले तिनं! म्हटलं, साहेब, एखादी कमी करा की. तर म्हणे, "त्या माझ्या नाहीत." बरोबर आहे, माझ्या तरी कुठं आहेत? मग बंद कुणी करायच्या?

शेवटी सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, "घरातली सगळी औषधं आणा." पिशवी ओतली टेबलावर. एकेक बघत म्हणाल्या, "अहो, ही गोळी त्या गोळीच्या त्रासावर, आणि ती तिच्याही आधीच्या! हात थरथरतात ते तर या चक्करच्या गोळीनंच!" बीपीची बदलून दिली, लघवीची, चक्करची आणि थरथरीची बंद, झोपेची हळूहळू सोडायची. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आई मात्र रिक्षात बसल्या बसल्या सुरू, "कसली डॉक्टरीण ती? देनं नाय, उलट होत्या त्या काढून घेतल्या!"

पण हात सुधारले बरं का! हळूहळू, पण सुधारले. परवा गजरा केला, सरळ, घट्ट. माझा जीव भांड्यात पडला. सहज विचारलं, आई, त्या बंद केलेल्या गोळ्या फेकल्यास ना?

"फेकू? एवढी महागाची औषधं? शेजारच्या लंकाबाईला भोवळ येत व्हती, दिल्या तिला."

धावत गेलो हो! लंकाबाई ओट्यावर, हातात चहाची कपबशी, आणि कप बशीत खडखड वाजतोय. म्हटलं, मावशी, त्या गोळ्या आधी इकडं द्या!

तर म्हणते, "आता कुठल्या? मला काय गुण आला नाय बाबा. सटान्याला बहिणीकडं धाडल्या. तिला लय चक्कर येती."