राखून ठेवलेला घास

मंडळी, आज काल्याचा दिवस. मागं चुलीवर आमटी उकळतेय आणि तिचा वास माझ्या शब्दांच्या आधी तुमच्यापर्यंत पोचलाय. मला इथून सगळं दिसतं बरं का! निम्मी मान माझ्याकडं, निम्मी त्या पातेल्याकडं. आमच्या मृदंगवाल्या बुवांची तर पूर्णच तिकडं! असू द्या. भूक लागणं हे काही पाप नाही. आज त्याच्यावरच बोलायचंय.

एक प्रश्न विचारतो. उपास करणं अवघड, का जेवणं अवघड?

बोला की! — "उपास अवघड!" — कोण बोललं? मावशी, तुम्ही? मावशी, तुमचा उपास मला ठाऊक आहे! खिचडी, रताळी, शेंगदाण्याची आमटी, वरून केळं. एकादशी आणि दुप्पट खाशी! हसू नका, माझंही तेच आहे.

पण मी एक बाई बघितली मंडळी, जिला उपास श्वासाइतका सोपा झाला होता. आणि घास? एक घास उचलायचा म्हणजे डोंगर उचलायचा! तिची गोष्ट ऐका.

कुमुद तिचं नाव. तालुक्याच्या गावी ब्लाउज शिवायची. हात असा, की नवरीनं मुहूर्त बदलावा पण शिंपीण बदलू नये! आईबाप गेलेले, लग्न झालेलं नाही. एक खोली, एक मशीन. अंगानं भरलेली होती. म्हणजे कशी? तर माणसासारखी माणूस! पण आपल्या लोकांना दुसऱ्याच्या अंगाची फार काळजी.

एकदा मामाच्या घरी लग्न. पंगत बसली. तिचा मामेभाऊ जिलबीची परात घेऊन आला आणि मोठ्यानं म्हणतो काय —

"कुमुदताईला वाढताना वाकू नका रे, परात तिथंच ठेवा! कशाला हेलपाटे?"

अख्खी पंगत हसली! तिची मामी हसली. वरमाई हसली. कुमुदच्या हातात वरणभाताचा घास होता. तो तिनं पानावर ठेवला आणि उठली. भरल्या पानावरनं उठली मंडळी! कुणी हात धरला? कुणी म्हणालं, "बस गं, चेष्टा केली"? नाही. वाढप्यानं तिचं पान गुंडाळलं आणि तिथं दुसरा माणूस बसवला.

तिनं मनाशी ठरवलं — आता बघाच.

त्या सुमाराला गावात वजन उतरवून देणाऱ्या पावडरवाल्यांचं एक मंडळ आलं होतं. सकाळी जमायचं, काट्यावर उभं राहायचं, पावडर कालवून प्यायची, टाळ्या वाजवायच्या. भात बंद! भाकरी बंद! गूळ बंद, तेल बंद, केळंसुद्धा बंद! अहो, तुरुंगात बरं जेवण मिळतं! पण कुमुद हट्टाची. वाळली. चांगलीच वाळली. आणि जी माणसं हसली होती तीच दारात येऊन म्हणायला लागली, "अगंबाई! ओळखलंच नाही!" जन्मात पहिल्यांदा तिचं कौतुक झालं. मंडळी, भुकेल्या माणसाला कौतुक चढतं. रिकाम्या पोटी लवकर चढतं.

पावडरवाल्यांनी तिचा फोटो एसटी स्टँडवर लावला. एवढा मोठा फ्लेक्स! मला अक्षरं उशिरा भेटली, नातवाच्या पाटीवर. त्यामुळं बोर्ड दिसला की मी अजून सगळा वाचतो, अगदी 'येथे थुंकू नये'सुद्धा. मी तो वाचला. एका फोटोखाली 'आधी'. दुसऱ्याखाली 'नंतर'. आणि खरं सांगू का? 'आधी'मधली बाई हसत होती.

झालं! आता फ्लेक्सवरच्या बाईनं लोकांसमोर वडा खायचा? चहात साखर घालायची? तिनं लग्नाला जाणं सोडलं. बारसं सोडलं. हळदीकुंकवाचा तिळगूळ रुमालात बांधून आणायची आणि मुंग्यांना घालायची. जेवायची ती दार लावून, उभ्यानं, चोरासारखी. काकडी चिरायची, भीतीनं चिरायची! सकाळी उठली की आधी देवाला हात नाही, आधी कमरेला टेप.

आणि एक केलं तिनं. ब्लाउजच्या शिवणीत आत जास्तीचं कापड ठेवतात — ठाऊक आहे ना बायांनो? उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. कुमुदनं स्वतःच्या सगळ्या ब्लाउजांचं ते कापड कात्रीनं कापून टाकलं. परतीची वाटच नको!

पुढं पावडरवाले दुसऱ्या गावाला गेले. फ्लेक्स वाऱ्यानं फाटला, कुणीतरी नेऊन शेळ्यांच्या गोठ्यावर घातला. सगळं गेलं हो! पण भीती गेली का? भीती घरातच राहिली.

केस गळायला लागले. उन्हाळ्यात शाल लागायची. एक दिवस मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढं अंधार आला आणि सुई बोटातून आरपार! सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई शहाणी होती. म्हणाली,

"मशीनला तेल न घालता किती दिवस शिवणार हो तुम्ही?"

"जेवते की मी."

"काय जेवता?"

कुमुदनं काकडी सांगितली. डॉक्टरीण म्हणाली, "हे बघा, काटा आणि टेप कपाटात टाका. वेळच्या वेळी जेवायचं. थोडं थोडं वाढवत न्यायचं. भात, भाकरी, गोड — कुणालाच वाळीत टाकायचं नाही. तपासायला येत राहायचं. आणि एकटीनं जेवायचं नाही. कुणाबरोबर तरी बसून जेवायचं."

"कुणाबरोबर?"

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. वर बघितलं. तिच्याकडं औषध होतं, ते तिनं लिहून दिलं. बाहेर रांग होती. पुढचा पेशंट आत आला.

कुणाबरोबर? मंडळी, मी हा प्रश्न तुमच्यापुढं ठेवतो आणि पुढं जातो.

दोन डोंगर पलीकडं हिवरतळं गाव, तिथं सप्ताह होता. काल्याचं कीर्तन माझंच. रखुमाईची नवी चोळी कुमुदनं शिवली होती, ती घेऊन ती आली. रखुमाईच्या चोळीला मात्र जास्तीचं कापड ठेवलेलं बरं का! देवीला मोकळीक, स्वतःला नाही! चोळी दिली आणि निघाली. पण महाप्रसादाशिवाय कुणाला सोडतील तर ते हिवरतळं कसलं? बायांनी वाट अडवली.

"जेवल्याबिगर कुठं निघालीस?"

"मला उपास आहे."

"काल्याच्या दिशी? कसला गं उपास?"

"संकष्टी."

"संकष्टी होऊन गेली की बाई!"

"सोमवार आहे..."

"आज बुधवार हाय!"

खोटं बोलायची सवय नसली की असं होतं! धरून बसवली तिला पंगतीत. समोरच्या ओळीत मी. तिच्या शेजारी बायजाक्का. बायजाक्का म्हणजे त्या गावची म्हातारी, तोंडात एक दात नाही, पण बोलणं असं की दाताची गरज काय!

आता त्या गावची एक रीत ऐका. हिवरतळ्यात पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही. पाटील असो, मजूर असो. हात वाळला तर वाळू दे. बसायचं!

पत्रावळी पडल्या. लापशी आली, भात आला, आमटी आली. देवाचं नाव झालं, लोक जेवायला लागले. कुमुदचा हात मात्र मांडीवर. भाताकडं अशी बघत होती जणू पानावर साप बसलाय. लोकांची लापशी झाली, दुसऱ्यांदा भात झाला, ताक झालं. एकेकाचं पान चकचकीत. आणि हिच्या पानाला बोट नाही! लोक बघायला लागले. कुणाला एसटी गाठायची, कुणाची गाय धारेची. तीच पंगत, तेच डोळे! आता कुणीतरी बोलणार, आता हसणार. ती उठायला गुडघा टेकवते न टेकवते, तोच वाढपी ओरडला —

"उरका की आता! कुणाचं राहिलंय?"

"माझं राहिलंय!"

कोण बोललं? बायजाक्का!

वाढपी आला, बघतो तर म्हातारीचं पान पुसल्यासारखं. कोपऱ्यात फक्त एक घास. एवढासा भाताचा मुटका.

"अक्के, एकच घास हाय की! टाक तोंडात!"

"टाकते की. चावाय येळ लागंल मला."

"दात कुठं हायत तुला चावायला?"

"नाहीत म्हणूनच तर येळ लागतोय, मुडद्या!"

पंगत हसली! खो खो हसली. पण या खेपेला मंडळी, हसू कुमुदवर नव्हतं. म्हातारीनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. आणि हसून झाल्यावर लोक पुन्हा बसले. गप्पा सुरू झाल्या. कुणी ऊस काढला, कुणाची म्हैस व्याली.

बायजाक्कानं कुमुदकडं बघितलंसुद्धा नाही. 'खा' म्हणाली नाही. 'किती वाळलीस' म्हणाली नाही. नुसती बसून राहिली. तो घास बोटानं इकडं सरकवायची, तिकडं सरकवायची.

कुमुदनं त्या घासाकडं बघितलं. त्याच्यावर वाळून पापुद्रा आला होता. म्हणजे म्हातारीचं कधीच जेवून झालंय! तिला कळलं. तिनं हात पुढं केला. आमटीभात कालवला. पहिला घास गिळताना डोळ्यांतून पाणी. दुसरा. मग थांबली. मग तिसरा. सगळं पान नाही संपवलं. पण लापशीचं बोट चाटलं. किती वर्षांनी गूळ जिभेला लागला!

तिनं पान मुडपलं तेव्हा बायजाक्कानं आपला घास तोंडात टाकला आणि ओरडली, "उठा रं! झालं माझं!"

आता तुम्ही म्हणाल, झाली बाई बरी. बोला जयजयकार! छे हो! घरी गेली आणि रात्रभर कमरेला टेप लावून बसली. भीती एका पंगतीत जात नाही. पण हात धुताना म्हातारीनं एक सांगितलं होतं. "पोरी, मीबी एकटीच खाते. ल्योक सुरतला. भिताडाकडं तोंड करून बसते. भिताड काय बोलतंय व्हय?"

मग दोघींनी एक युक्ती काढली. दिवेलागणीला ताट वाढलं की कुमुदनं मिसकॉल द्यायचा — म्हणजे, बसले. तिकडनं म्हातारीचा मिसकॉल — मीही बसले. आणि जेवण झालं की पुन्हा एकेक. दुसरीचा आल्याशिवाय पहिलीनं उठायचं नाही! मधे दोन डोंगर, एक नदी, आणि पंगत एकच! एक पैसा खर्च नाही. फोनच्या कंपनीला कळलं असतं तर बंद केलं असतं!

अशी ती शिकली मंडळी. आधी मऊ भात. मग भाकरी. मग एक दिवस शेजारणीनं दिलेली पुरणाची पोळी, अर्धी. कधी ताट तसंच झाकून ठेवायची. कधी एकदम हावरटासारखं खायची आणि रडायची. पण तिकडं कुणीतरी हात वाळवत बसलंय, हे तिला ठाऊक असायचं. तिनं नवीन ब्लाउज शिवला. आत जास्तीचं कापड ठेवलं.

आणि एका संध्याकाळी कुमुदनं मिसकॉल दिला. तिकडनं आला नाही.

ती बसून राहिली. वरण निवलं. भातावर पापुद्रा आला. पुन्हा फोन लावला, वाजत राहिला. शेवटी उचलला तो शेजाऱ्यानं.

"अक्का गेली बाई. दुपारीच. झोपेतच."

कुमुदनं ताट झाकलं. दुसऱ्या दिवशी वाढलंच नाही. आता कुणासाठी बसायचं? कपाट उघडलं. टेप बाहेर काढला. बघा मंडळी, वाट कशी पाठीमागं उभीच असते! तेराव्यापर्यंत ती चहावर राहिली.

तेराव्याला हिवरतळ्याला गेली. मीही होतो. पंगत बसली, लापशी वाढली. कुमुदचा हात पुन्हा मांडीवर. आणि समोर बघते तर आणखी एक हात मांडीवर! बायजाक्काचा मुलगा, निवृत्ती. सुरतेहून आलेला. दोन दिवाळ्या घरी न आलेला. पानावर नजर, आणि घास उचलेना. लोक कुजबुजायला लागले —

"जित्तेपणी यायचं सोडून आता काय रडतोय?"

"ल्योक म्हणं!"

त्याचा गुडघा हलला. तो उठणार होता. कुमुदला तो गुडघा ओळखीचा होता!

आता काय करायचं? एकच करता येत होतं. पण मंडळी, घास राखून ठेवायचा तर बाकीचं पान खावं लागतं! भरल्या पानावर हात ठेवून 'माझं व्हायचंय' म्हणणं वेगळं, आणि जेवून झाल्यावर कुणासाठी थांबणं वेगळं. कुमुदनं हात घातला. भात खाल्ला. आमटी खाल्ली. लापशी खाल्ली, सगळी! भीत भीत खाल्ली, पण खाल्ली. आणि कोपऱ्यात एक मुटका ठेवला.

वाढपी तोच. सवयीनं ओरडला, "उरका! कुणाचं राहिलंय?"

"माझं," कुमुद म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."

वाढपी आला. त्या घासाकडं बघितलं. ओळखलं त्यानं! बादली खाली ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकून बसला. पंगतीतलंही कुणी उठलं नाही. मग निवृत्तीचा हात हलला.

मंडळी, उपास अवघड का जेवणं अवघड, ते आता तुम्ही ठरवा. मला एवढंच कळतं — पोटाची भूक अन्नानं जाते, पण अन्नाची भीती अन्नानं जात नाही. तिला शेजारी बसलेलं माणूस लागतं. आणि आपण काय करतो? कुणी जास्त खाल्लं तर हसतो, कुणी कमी खाल्लं तर कौतुक करतो, आणि आपलं झालं की उठून हात धुतो!

आता पंगत बसेल. उठायच्या आधी डावीकडं बघा, उजवीकडं बघा. कुणाच्या ताटाकडं नका बघू, माणसाकडं बघा. आणि घरी गेल्यावर आठवा, तुमच्या ओळखीचं कोण आज भिंतीकडं तोंड करून जेवतंय? त्याला एक मिसकॉल द्या.

चला, पत्रावळी मांडा. दात माझेही गेलेत, मी सावकाश जेवतो. कुणाचं मागं राहिलं तर घाबरून उठू नका — माझ्या पानावर एक घास असेल.