लेकराला कव्हर

लेकीच्या लसीसाठी सेनगावच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी सासू-सून. सासूच्या मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. भर एप्रिलात स्वेटर, कानटोपी, वरून शाल.

“आत्या, शाल तरी काढा. तापून राहिलं ते.”

“हवा लागंल. तुला काय कळतंय?”

“फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर. आता लेकरालाबी कव्हर का?”

“म्हणून तर रिमोट अजून नवा हाय.”

“रिमोटला जीव न्हाई, आत्या.”

“लई शिकलीस! तुझ्या नवऱ्यालाबी मी असंच गुंडाळून वाढवलं.”

“व्हय, म्हणूनच ते अजून तुमच्या पदराखालून बाहेर आले न्हाईत.”

“हळू बोल, लोक ऐकून राहिलेत.”

“ऐकू द्या. आणा इकडं पोरगं.”

“...घे. पण टोपी राहू दे.”

“पह्यले तीच काढते.”