उन्हानं न्हाई झाले काळी

आमी सिद्दी. कर्नाटकात हल्याळच्या रानातलं गाव. वाडवडील आफ्रिकेतनं धरून आणलेले म्हनतात, पन त्याला किती पिढ्या झाल्या कुनाला ठाऊक, मी जलमले हितंच, घरात कोंकणी-मराठीच बोललो, रंग आन केस तेवढे तिकडचे ऱ्हायले. काय सांगू तुमाला, आमच्यातली राज्याकडनं पळालेली मी पैली बाई, चारशे मीटर. शर्यत जिंकले तर दुसऱ्या संघाचे लोक ओरडाय लागले, ही परदेशातनं आणलीया, पदक देऊ नका. आई गर्दीतनं पुढं आली, तिला बघून आनखी हसले, मंग आईनं तिथंच अशा गावरान शिव्या घातल्या की पंचच म्हनाले, द्या बाबा पदक, ही हितलीच हाय.

आता तिकडं कतारात, दोहाला, एका भारतीय शाळेत पोरीस्नी पळाय शिकवते. अल हिलालला खोलीत एकटी ऱ्हाते. आपले लोक मला केनियाची समजतात, आन केनियाच्या बाया त्यांच्या भाषेत बोलाय येतात, मला कळत न्हाई, मंग त्या बी निघून जातात. आई गेली तवापासनं आपलं म्हनून बोलाय कुनी न्हाई बघा. लई एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू.

शाळेत सई म्हनून पोरगी हाय, घरचे नाशिकचे, ऱ्हातात अल सद्दला. अशी पळते, अशी पळते की बघून माझं पोट भरतं. शर्यत जवळ आली आन तिची आई मला इंग्लिशमधी म्हनाली, प्रॅक्टिस बंद. आन मला कळत न्हाई असं धरून नवऱ्याला मराठीत, अहो, उन्हात या बाईसारखी काळी पडली तर लग्न कोण करेल हिच्याशी. मी म्हनाले, ताई, मी उन्हानं न्हाई झाले काळी, अशीच जलमले, उन्हात पळून पायात बळ आलं तेवढंच. पोरीला पळू द्या, हात जोडते. बाईचं तोंड एवढंसं झालं. मंग म्हनाली, अय्या, किती छान मराठी बोलता, कुठं शिकलात?

पन पोरगी आली हो, लांब बाह्या घालून, तोंडाला क्रीम थापून. आन परवा जिंकली की! मिस, आय डिड इट, म्हनत गळ्यातच पडली. तेवढ्यात तिची आई म्हनाली, चला चला, फोटो, सगळे या. आजी, बाबा, शेजारच्या बाया, सगळ्या गोळा झाल्या, मी बी केस नीट करून पुढं झाले, तर तिनं माझ्या हातात मोबाईल दिला, तुम्ही काढा ना, प्लीज.

काढला मी. चांगला आला. पळू दे पोरगी, लई पळू दे, आन तू कुठली म्हनून तिला कुनी कधी न इचारो.