औषध म्हणायचं नाही

नाही म्हणजे नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या देते, चिठ्ठी आहे तुमच्याकडे — पण ही रिकामी बाटली दाखवून ‘अशीच एक द्या’ म्हणताय ना, ती नाही मिळायची. दुकानात ठेवतच नाही मी. पूर्वी ठेवत होते, आता नाही. मघाशी मी काय विचारलं? आईंना आणखी काही औषध चालू आहे का? तुम्ही ताडकन म्हणालात, नाही! आणि आता पिशवीतून हे निघतंय — हळदीचा अर्क, लसणाचा अर्क, गुडघ्यांसाठी, दोन वेळा, तीन महिने! हे काय आहे मग? झाडपाल्याचं? म्हणून औषध नाही? अहो, मग गुडघा दुखायचा थांबला कशाने? गुण आला की औषध, आणि मी विचारलं की नुसता पाला!

हसू नका. सगळे असंच करतात. म्हणून मी आता औषध हा शब्दच काढायचा नाही असं ठरवलंय — आज विसरले, चुकलंच माझं — सकाळी चूळ भरल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत तोंडात काय काय जातं, असं विचारायचं. मग निघतं एकेक. काढा, चूर्ण, शेजारणीने दिलेल्या कॅप्सूल, मेव्हण्याने पाठवलेला कसलासा चहा. डॉक्टरांना सांगितलंत? नाही. का? ते ओरडतात! ओरडू देत की, कान गळून पडतात का? आणि ते डॉक्टर तरी — मान वर करायला फुरसत नाही, ‘इतर औषधे नाहीत’ लिहायचं आणि चला, पुढचा. आणि या बाटलीवर बघा काय छापलंय — दुष्परिणाम शून्य! अहो, गोळीनेही रक्त गोठायला वेळ लागतो, आणि एवढ्या अर्कानेही लागू शकतो. दोन्ही एकदम पोटात गेली तर — काय? काय म्हणालात? दंडावर डाग? काळेनिळे, कुठेही न आपटता? आणि हे मला आत्ता सांगताय, हो? फोन लावा त्यांना. आत्ता, इथेच. हिरड्यांतून रक्त येतं का, लघवी लाल होते का, विचारा.

वाजतोय ना? वाजू दे. चिडू नको तर काय करू? माझा दादा सुतार होता. त्यालाही हीच गोळी. कपाटाच्या दारावर डोकं आपटलं, एवढंसं टेंगूळ — हसला, पुन्हा रंधा मारायला लागला. दुपारी जेवताना घास हातातच राहिला. डोक्यात रक्तस्राव. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेत होते? वहिनी म्हणाली, काही नाही. इतकी वेंधळी बाई! नवरा काय खातो तेवढंही — नाही, तिला माहीतच नव्हतं म्हणा. तो अशीच एक बाटली हत्यारांच्या पेटीत ठेवायचा. मला माहीत होतं. मी तिथेच उभी होते, तिच्या शेजारी, आणि — गप्प राहिले. कारण मीच दिली होती. याच फळीवरून काढून. त्याने विचारलं होतं हो, ‘बायो, त्या गोळीबरोबर चालेल ना गं?’ आणि मी, एवढी शिकलेली मी, खोकी फोडता फोडता, त्याच्याकडे न बघता म्हणाले, खा रे बिनधास्त. वहिनी अजून म्हणते, नशीब होतं त्याचं. आणि मी मान डोलावते. सात वर्षं.

उचलला? काय म्हणतायत? येतंय रक्त? कालपासून? मग माझ्या तोंडाकडे काय बघताय! दवाखान्यात न्या, आजच्या आज रक्त तपासू देत. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही मनाने बंद करू नका. आणि ही बाटली लपवू नका — टेबलावर ठेवा त्यांच्या, ओरडले तर ओरडले. पिशवी राहू दे इथे. जा म्हणते ना!