देवीला विचारलेला सवाल

चहा घ्या, मग सांगतो. डिस्कोचा जमाना होता, मी एकोणीस वर्षांचा. पाटणला गणपतीपुढं शेजारचा दिलीप चमकीचा शर्ट घालून नाचायचा, आणि माझा जीव त्याच्यावरच जडला होता. घरात माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा मी आईला सांगून टाकलं, "आये, मला पोरगी नगं. मला दिलीप आवडतो."

आई भिंतीला टेकून खालीच बसली. दुसऱ्या दिवशी हाताला धरून मला देवीच्या देवळात घेऊन गेली. तिथं देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवून कौल लावतात. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही.

गुरवानं विचारलं, "देवी, पोरगं सुधरंल का?"

डावं पडलं.

"परत इचारा," आई म्हणाली. परत डावंच.

"आवं वैनी, देवी न्हाईच म्हणतीया."

आईनं गुरवाला बाजूला सारलं आणि स्वतःच पुढं झाली. "देवी, खरं सांग. ह्यात माझ्या पोराचं काय चुकलंय का?"

तेव्हाही डावंच फूल पडलं.

आईनं पदरानं डोळं पुसलं. "चल रं घरी. तुझ्या बापाला मी सांगती. त्यानं हात उचललाच, तर त्याला बी हितंच आणून उभं करती."