झुंबरची उलटी चाल

बसा मंडळी, बसा. पुढं सरका, मागं माणसं ताटकळलीत. दामूबुवा, मृदंग जरा मांडीवर राहू द्या. आज आधी प्रश्न, मग गाणं.

प्रश्न असा — ज्या माणसाला सगळं जग हसतं, त्याला मान असतो का?

हां, लगेच मुंड्या हलवू नका. त्या खांबाजवळच्या बाई, तुमच्या नवऱ्याला नुसती गल्ली हसली तरी तुम्ही दोन दिवस कुणाच्या दारात जाणार नाही. आणि इथं 'असतो, असतो' करताय. खरं बोला, देवळात बसलोय आपण.

मी तिसरी शिकलेली बाई. गुरूंनी पोथी वाचली, मी ऐकली, तेवढीच माझी विद्या. म्हणून आज पुराणात शिरत नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलं ते सांगते. आख्यानाचा नायक माझा सख्खा धाकटा भाऊ. झुंबर. होय, तोच — हिंदी सिनेमातला उलटा झुंबर. बघा, नुसतं नाव घेतलं तर हसलात. हसा. दुसऱ्या कुणाच्या भावाचं नाव घेऊन बघा, एवढी माणसं हसतात का.

तर ऐका. आमचं घर न्हाव्याचं, गाव कोळथडी, गावचा देव भैरोबा. चैत्रात यात्रा. दिवेलागणीला देवाची पालखी मारुतीच्या पारापासून निघते आणि टेकाडावरच्या देवळात जाते. पालखीपुढं दिवटी धरायचा मान आमच्या घराचा. तुम्ही म्हणाल, पेटती दिवटी धरायची, त्यात काय मोठं? अहो, आमच्या गावाची रीत वेगळी. दिवटीवाल्यानं देवाला पाठ दाखवायची नाही. तोंड पालखीकडं आणि चालायचं उलटं. अनवाणी. ओढा उतरायचा, ओढा चढायचा, वर देवळाच्या अकरा पायऱ्या. सगळं मागं न बघता. तुम्ही बाजारात सरळ चालताना तीन जणांना धडकता, हे ध्यानात ठेवा.

आमचा बा, रखमाजी, झुंबरला लहानपणापासून अंगणातल्या लिंबाभोवती उलटा फिरवायचा. झुंबर पायाकडं बघायला लागला की बा ओरडायचा, "पाय नको बघू. देवाचं तोंड बघ. पायाला वाट सापडती." आता अंगणात देव कुठून आणायचा? मला पाटावर बसवायचा, कपाळाला हळद फासून. मी भैरोबा! कुणापुढं वाकायची सवय मला लागली नाही ती अशी.

पुढं झुंबर वस्तरा-कात्री घेऊन मुंबईला गेला. एका स्टुडिओत नटांच्या दाढ्या करायचा, खोट्या मिशा चिकटवायचा. एक दिवस काय झालं, नोकराचं काम करणारा नट आलाच नाही. काम केवढं? शेठला सरबताचा ट्रे द्यायचा आणि बाहेर जायचं. दिग्दर्शकानं झुंबरला पुढं ढकललं. "ट्रे दे, और निकल जा."

आता डोळ्यांपुढं आणा. खुर्चीत शेठ झालेला मोठा नट. जरीचा कोट. वरचे सगळे दिवे त्याच्या तोंडावर. आमच्या झुंबरनं तोवर एवढा उजेड एकाच तोंडावर पाहिला होता — देवाच्या. त्यानं ट्रे दिला, वाकला, आणि पाठ फिरवेना. निघाला तसाच उलटा. कुंडीला वळसा घातला, गालिच्याची घडी ओलांडली, दोन पायऱ्या उतरला, दाराबाहेर गेला. मागं एकदाही न बघता. चेहरा असा गंभीर, जसा काही मयताला आलाय. सगळा स्टुडिओ पोट धरून हसला. त्याला कळेना आपलं काय चुकलं.

दिग्दर्शक डोळे पुसत, दाराबाहेरचा हौद दाखवत म्हणाला, "फिर से करो. अब की बार हौज में गिरो."

आणि तो पडला. मंडळी, तो जो पडला तो चाळीस वर्षं पडत राहिला. दीडशेच्या वर सिनेमे. कधी हौदात, कधी मांडवातल्या जिलबीच्या कढईशेजारी पाकात, कधी पोलीस चौकीच्या खिडकीतून. लिहिणाऱ्यांनी त्याला संवाद लिहिणं सोडून दिलं. कागदावर नुसतं लिहायचे, 'इथं झुंबर'. बास. पोस्टरवर त्याचं तोंड कधी छापलं नाही. पडद्यावर नाव यायचं ते सहा जणांच्या गर्दीत. पण त्यानं दाराकडं पाठ केली, की लखनौपासून नागपूरपर्यंत थेटरात शिट्ट्या. अजून पडला नाही तोवर लोक हसून अर्धमेले.

फुकट नाही मिळत हो हे. खांद्याचं हाड दोनदा मोडलं. डावा गुडघा कायमचा गेला. पण कितीही मोठं शूटिंग असू दे, चैत्रातले चार दिवस कोळथडी. बा दिवटी धरायचा आणि हा बाजूनं तेलाची बुधली घेऊन चालायचा. मुंबईत मोटारीत बसणारा माणूस, गावात बुधलीवाला. त्यातच त्याची छाती फुगायची.

मग माघात बा गेला.

यात्रेला दोन महिने उरले. आता दिवटी कुणी धरायची? झुंबरनं, दुसरं कोण. पण पारावर कमिटी बसली. कमिटीचे मुख्य बाजीतात्या गाडेकर. माणूस वाईट नाही, फक्त स्वतःला देवाचा सासरा समजतो.

तात्या म्हणाले, "झुंबर, राग मानू नको. देवापुढची चाल तू सिनेमात नेलीस. नेलीस ती नेलीस, चिखलात लोळवलीस. आता तू पालखीपुढं उलटा चालाय लागलास, की लोक दर्शन घेत्याल का दात काढत्याल?"

झुंबरची मान खाली. मला कळलं, हेच ह्याच्या मनालाही कैक वर्षं खात होतं. मग मी उभी राहिले. कमिटीत बाईनं बोलायचं नाही अशी रीत होती. त्या दिवशी मोडली, पुन्हा कुणी जोडली नाही.

म्हणलं, "तात्या, तालुक्याच्या थेटरात तुम्ही ह्याचा सिनेमा तीनदा बघितला. तिन्ही वेळा हसून हसून फेटा सुटला होता तुमचा, मी बायकांच्या बाजूनं बघत होते. तवा नाही देव आठवला?"

"आक्का, थेटर येगळं आन् देऊळ येगळं."

"तेच म्हणते मी. हे तुम्हाला कळतं, आणि माझ्या भावाला कळत नाही व्हय?"

तात्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. म्हणाले, "बरं. धर दिवटी. पण एक पाय जरी अडखळला, तर मान गेला. परत या घराकडं यायचा न्हाई."

झुंबर म्हणाला, "कबूल."

घरी आल्यावर मी त्याला धारेवर धरला. "कबूल म्हणालास, गुडघ्याला विचारलंस का?"

तो म्हणाला, "आक्का, गुडघ्याचं आणि दगडाचं भ्या नाही मला. हसण्याचं भ्या आहे. चाळीस वर्षं झाली, लोक हसले की मी पडतो. आता हसू कानावर आलं की पाय आपला आपण सुटतो. माझ्या हातात राहत नाही."

समजलं का मंडळी संकट केवढं? ज्या हसण्यानं ह्याला भाकरी दिली, तेच हसणं ह्याच्या बापाचा मान घालवायला उभं राहिलेलं. आणि लोक तर हसणारच. लोकांचं तरी काय चुकलं?

मी एवढंच म्हणलं, "बानं काय सांगितलं होतं?"

"देवाचं तोंड बघ."

"मग बघ की. भैरोबा म्हणून मी पाटावर बसायचे तेव्हा माझ्या थोबाडाकडं तासन्‌तास बघत होतास. खरा देव काय माझ्यापेक्षा वाईट दिसतो?"

तेव्हा कुठं हसला.

यात्रेचा दिवस उजाडला. सहा गावची माणसं लोटली. दर्शनाला? कसलं दर्शन. उलटा झुंबर बघायला. झाडांवर माणसं, कौलांवर माणसं. मी ओवाळणीचं ताट घेतलं आणि काखेत एक जाड टॉवेल मारला. भावजय म्हणाली, "वन्सं, टॉवेल कशाला?" म्हणलं, "लागंल." तो टॉवेल ध्यानात ठेवा.

भैरोबाच्या नावानं चांगभलं झालं, पालखी उठली. झुंबरनं दिवटी घेतली, तोंड देवाकडं केलं, पहिलं पाऊल मागं टाकलं — आणि जत्रा फुटली हो. हशा, शिट्ट्या. "झुंबरशेठ, पडा की!" कुणीतरी कौलावरून ओरडलं, "हौद डावीकडं हाय!"

तो चालतोय. मी पालखीच्या बाजूनं. मला त्याचा घाम दिसतोय.

ओढ्यात उतरलो. तिथं गोल गोटे. पुन्हा हशाची एक लाट आली, आणि झुंबरचा डावा पाय उचलला तो हवेतच राहिला. दीडशे सिनेमे पाहिलेत मी. पडायच्या आधीचा पाय कसा दिसतो, ते मला बरोबर ठाऊक. हा तोच पाय. तात्या पुढं वाकून बघत होते.

झुंबरनं खाली बघितलं नाही. माणसांकडं बघितलं नाही. पालखीतल्या मुखवट्यावर दिवटीचा उजेड पडला होता, त्या तोंडाकडं त्यानं असं बघितलं, जसं लहानपणी लिंबाखाली बघायचा. आणि पाय सावकाश गोट्यावर टेकला. दुसरा टेकला. ओढा चढला.

हसणं थांबलं ते कुणी थांबवलं नाही. आपोआप विरत गेलं. टेकाडाच्या चढणीला तर नुसता दिवटीचा फरफर आवाज आणि माणसांची पावलं. कौलावरचा ओरडणारा खाली उतरून हात जोडून उभा. अकरा पायऱ्या. एक... दोन... मोडक्या गुडघ्यानं, पाठीमागं चढत. अकरावी. देव गाभाऱ्यात गेला. झुंबरनं दिवटी दगडी खोबणीत रोवली आणि माथा टेकला.

मग उठून तात्यांना विचारलं, "देव बसला जागेवर?"

"बसला."

"पाय अडखळला?"

"न्हाई बाबा."

"मग मान कुणाचा?"

"तुझाच. तुझ्या बाचा, आन् तुझा."

"मग आता जरा वाट द्या."

असं म्हणून त्यानं माझ्या हातातलं ताट घेतलं. तात्यांना शेठसारखा वाकून नमस्कार घातला. आणि निघाला उलटा! अकरा पायऱ्या उतरला, दीपमाळेला वळसा, नारळवाल्याला वळसा, चेहरा मयताला आल्यासारखा — आणि देवळापुढच्या बैलांच्या दगडी हौदात धबाक्कन पाठीवर.

सहा गावं हसली. जी माणसं आत्ता हात जोडून उभी होती ती पोट धरून खाली बसली. आणि बाजीतात्या? फेटा सुटला. चौथ्यांदा.

झुंबर हौदातनं डोकं वर काढून म्हणाला, "देवाचं देवाला दिलं, तुमचं तुम्हाला. आक्का, टॉवेल आणलास का?"

आणला होता ना. मी त्याची बहीण आहे.

आता वळा स्वतःकडं. कुठं उभं राहायचं आणि कुठं पडायचं, हे माझ्या भावाला कळलं. तुमचं काय? दारात आलेल्या गरिबापुढं ताठ उभे राहता, आणि साहेबाच्या पायाशी लोळण घेता. आणि वर म्हणता, आम्हाला कुणी हसलेलं खपत नाही. हसू द्या की. उभं राहायच्या जागी उभे राहिलात, तर हसण्यानं मान जात नाही.

उठा आता, आरतीला उभे राहा. आणि आरती झाल्यावर देवाला पाठ दाखवून पळू नका. चार पावलं उलटी चालून बघा. ह्या देवळाला पायऱ्या तीनच आहेत. पडलात तर मी हसणार. आणि टॉवेल आजही काखेत आहे.