कोरे चेहरे

हॅलो?… हो, जयपूरच… हो, हो, मीच, माला बोलतेय. कोण?… वहिनी! अगं, मुंबईहून ट्रंक कॉल? सगळं ठीक ना?… बरं. आणि दादा?… हो, मिळाला की शंभरावा अंक… नाही, तुम्ही धाडलेला नाही. चौड्या रस्त्यावरच्या दुकानात घेतला. दुकानदार म्हणाला, 'बहनजी, सब बच्चे यही कॉमिक माँग रहे हैं.'

पाहिलं ना. मुखपृष्ठावर नाव पाहिलं. एकट्या दादाचं… अगं ऐक ना… नाही, आधी तू ऐक! शंभराव्या अंकावर दोघांची नावं टाकू, हे कोण म्हणालं होतं? आईच्या फोटोसमोर, तुझ्यादेखत?… छापखान्याची चूक? मग आतली मुलाखतही छापखान्यानंच दिली का?

वाचली नाहीस?… थांब, वाचून दाखवते. 'चेहऱ्यातले डोळे मी सगळ्यात शेवटी काढतो. संध्याकाळी देवापाशी दिवा लावल्यावरच.'… वहिनी, दादानं कधी देवापाशी दिवा लावलाय गं?… आलं ना हसू? मला रडू आलं. दुकानात, उभ्या-उभ्या.

हो, मान्य! तो घोडे काढतो, किल्ले काढतो, मारामाऱ्या काढतो. आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गोल ठेवून पेन्सिलीची पानं माझ्याकडे धाडतो, चेहरे काढायला नि सगळ्यावर शाई फिरवायला. पहिल्या अंकापासून. यांची इकडे बदली झाली तरी पार्सलं थांबली नाहीत… अगं, नुसतं नाव राहिलं असतं ना, तर भांडले असते नि विसरले असते. पण माझा दिवासुद्धा घेतला त्यानं!

काय?… पुढच्या अंकाची पानं? अच्छा, म्हणून फोन होय. मला वाटलं, माझी आठवण आली… तिथंच बसलाय ना तो? खोकला ऐकू येतोय. दे त्याला फोन… का नाही येत? बहिणीशी बोलायला वेळ नाही, की तोंड उरलं नाही?

हॅलो… हां जी, ऑपरेटर भैया… नहीं नहीं, टाइम मत बढ़ाइए. बस, हो गया.

वहिनी, सांग त्याला, पानं सकाळीच रजिस्टरनं टाकलीत. वेळेवर पोचतील… हो, सगळी… 'माला आपलीच आहे' म्हणतोय? म्हणू दे. कपड्यांवर, घोड्यांवर, सगळीकडे शाई फिरवलीय… चेहरे?

नाही. चेहरे कोरेच आहेत. संध्याकाळी दिवा लाव म्हणावं, आणि काढ. ठेवते मी.